तातू मास्तरांचं दुसरं ‘जावे’

तातू मास्तरांनी मला फसवलं. मी त्यांना नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वेंगुर्ल्याच्या बाजारात याच्या बरोबर उलट सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांनी माझ्याच मंडपात फुकट बसून कोकम सरबत प्यायलेलं आहे.

माझा धंदा मंडप, खुर्च्या, लाइट आणि साऊंडचा. सायकलच्या कॅरियरला एक कर्णा बांधून मी सुरुवात केली, आज माझे दोन टेम्पो आहेत. तीस वर्षं या किनाऱ्यावर जिथे जिथे कोणी गायलं, नाचलं किंवा भाषण केलं, तिथे आवाज माझा होता. घासाघिशीत मला हरवणारा माणूस मी पाहिलेला नाही. जनरेटरवाले माझा फोन आला की बायकोकडे देतात. देवस्थानचे मानकरी माझ्यासमोर बसायच्या आधी पाणी पिऊन घेतात. हरवलं ते एकट्या तातू मास्तरांनी, आणि ते तर घासाघीस करतच नव्हते. घोटाळा तिथेच झाला.

मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. बाजारातून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं घर. शाळेने मोडीत काढलेला एक फळा त्यांनी आपल्या पडवीत आणून टांगला होता. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी चहा झाला की ते तो ओल्या फडक्याने पुसत, वाळेपर्यंत थांबत आणि वळणदार अक्षरात वर लिहीत: ‘येत्या महिन्यात ऐकण्यासारखे’. खाली गाव, वार, कोण गाणार, आणि शेवटच्या रकान्यात शेरा.

शेरे चारच होते. पहिला, ‘जावे’. दुसरा, ‘वाटेत असल्यास जावे’. तिसरा, ‘पाहुणे आलेले असल्यास न्यावे’. आणि चौथा, ‘जेवण चांगले’.

‘जाऊ नये’ असं त्यांनी कधी लिहिलं नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, “पोरांनी दारोदार फिरान वर्गणी काढलेली असता. जाव नको असा कित्याक लिवचा? जेवण तरी बरा असता.”

या फळ्याचं वजन बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आरोंद्यापासून मालवणपर्यंतच्या डबलबाऱ्या, नाट्यसंगीताच्या मैफली, दशावतार, शाळांची स्नेहसंमेलनं, गोव्यातल्या चर्चच्या अंगणातली गाणी, सगळं त्या फळ्यावर यायचं. कोणीतरी त्याचा फोटो काढायचा, तो दुपारपर्यंत शंभर ग्रुपवर फिरायचा आणि मुंबईचे चाकरमानी तो बघून रजेचा अर्ज टाकायचे. ज्याच्यापुढे ‘जावे’ पडलं त्याच्याकडे खुर्च्या कमी पडत. ज्याच्यापुढे ‘जेवण चांगले’ पडलं त्याच्याकडे पत्रावळी कमी पडत.

ओरोसच्या जिल्हा मुख्यालयातल्या एका खात्याने एकदा सांस्कृतिक महोत्सव केला. खात्याचे साहेब सरकारी गाडीतून मास्तरांच्या पडवीत उतरले. मी साऊंडचं बोलणं करायला त्यांच्याबरोबर होतो म्हणून हे मला माहीत आहे. फळ्यावर त्यांच्या महोत्सवापुढे लिहिलं होतं, ‘जेवण चांगले’.

“मास्तर, आपले कलाकार मुंबईहून येणार आहेत,” साहेब म्हणाले.

“हो. पत्रिका पाहिली,” मास्तर साहेबांशी शुद्ध मराठीत बोलले. “तीन मंत्र्यांची नावं आहेत, अकरा अधिकाऱ्यांची आहेत, गाणाऱ्याचं सापडलं नाही. आचारी मात्र आपल्या गावचा आहे, त्याला मी ओळखतो.”

साहेब निघून गेले. महोत्सवाला जेवणाच्या वेळी दीड हजार माणूस होतं. साहेबांनी त्याचा फोटो काढून वरती पाठवला आणि त्यांना शाबासकी मिळाली, असं ऐकतो.

मास्तर स्वतः प्रत्येक कार्यक्रमाला एसटीच्या लाल गाडीने जात. पिशवीत पाण्याची बाटली, बॅटरी आणि छत्रीच्या जुन्या कापडाची शिवलेली एक उशी. पहिल्या रांगेत त्यांना बसवायला संयोजक धावायचे. ते बसत नसत. मागे, जिथे चहाभजीची गाडी लागते तिथे एखादा उलटा क्रेट घेऊन, स्टेजकडे पाठ करून बसायचे.

“पयल्या रांगेत बसता तो पावणो,” ते म्हणत. “तो झोपलो तरी उठाचो नाय. मागलो माणूस काय करता ता बघूचा.”

आणि खरं सांगायचं तर माणसालाही ते नंतर बघायचे, आधी कढई बघायचे. भजीवाल्या बाईचं तोंड आंबट असलं की मास्तर खूश. एकदा माझ्यासमोर तिने तक्रार केली, “मास्तरानू, कसलो ह्यो बुवा आणलानी? तेल तापान तापान जळला. एक माणूस उठाक तयार नाय.” मास्तरांनी खिशातून कागद काढून त्या बुवांचं नाव लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात त्या बुवांपुढे ‘जावे’ पडलं. उलट, भजी संपली म्हणून कांदा आणायला पोर पळताना दिसलं की मास्तर शेवटच्या गाडीची वाट न बघता आधीच्या गाडीने घरी जात.

लोकांनी त्यांचे सत्कार पुष्कळ केले. मिळालेल्या नारळाची गोड कापं होत आणि मिळालेली शाल दवाने अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून रात्री फळ्यावर पडे. भारी शाल असली तर थंडीत, हलकी असली तर उरलेल्या दिवसांत.

माझ्या साऊंडबद्दल मात्र त्यांचं मत मला पटण्यासारखं नव्हतं. माझा नवा संच आला त्या वर्षी मी त्यांना मुद्दाम बोलावून ऐकवला. त्यांनी आधी खिशातून कापसाचे दोन बोळे काढून कानात घातले, मग पाच मिनिटं उभे राहिले.

“कसो वाटता?” मी विचारलं.

बोळे काढून ते म्हणाले, “छातीक बरो लागता. डॉक्टरान चालाक सांगलेला, आता गरज नाय.”

असा माणूस. आणि अशा माणसाकडे मला जावं लागलं, कारण मला माझा स्वतःचा महोत्सव करायचा होता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या स्टेजला आवाज दिला, आता स्टेजही माझं, नावही माझं. वेंगुर्ल्याच्या बंदराजवळचं मैदान ठरवलं. मुंबईची एक गायिका ठरवली, टीव्हीवर गाजलेली. आपल्या लोकांनी मला ‘मंडपवाला’ म्हणणं सोडावं, एवढी एकच माझी इच्छा होती. पण फळ्यावर ‘जावे’ नसेल तर पाचशे खुर्च्यांवर माझे नातेवाईकच बसतील हे मला कळत होतं.

म्हणून अडीच महिने आधी मी मास्तरांच्या पडवीत जाऊन बसलो. सोबत काजूचा डबा होता. तो त्यांनी उघडला, मूठभर काजू बशीत काढून माझ्यापुढे ठेवले आणि डबा बंद करून माझ्याच पिशवीत घातला.

“मास्तर, माझो महोत्सव आसा. फळ्यार ‘जावे’ होया.”

“कोण गाता?”

मी नाव सांगितलं. “टीव्हीर अंतिम फेरीपर्यंत गेलेली आसा.”

“मगे अंतिम फेरीत काय झाला?”

“ता सोडा, मास्तर. सगळो जिल्हो तिका ओळखता.”

“बरा. एक काम कर. आरोंद्याच्या विश्राम बुवांका तुझ्या स्टेजार अर्धो तास दी.”

विश्राम बुवा म्हणजे जुने भजनी. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने आपली बारी गावी, मग दुसऱ्याने, गाण्यातूनच एकमेकांना कोडी घालावीत, टोमणे मारावेत. त्यातले एके काळचे मोठे बुवा. पण आता पंचाहत्तरीच्या पुढचे, गाल आत गेलेले, सदऱ्याला गुंड्या नाहीत. माझ्या पोस्टरवर समुद्र होता, निळा प्रकाश होता आणि गायिकेचा अर्धा चेहरा होता. त्यात बुवांना कुठे घालू?

“मास्तर, दात नाय त्येंका.”

“गळो आसा.”

“पाच मिनटां. स्वागतगीत म्हणान घालतंय.”

मास्तरांनी काजूची बशी माझ्याकडे सरकवली. मला वाटलं, वाढवून मागणार. म्हणून मीच पुढे गेलो. “बरा, दहा. पण प्रमुख पावणे येवच्या आधी. लोक खुर्च्येर बसतत तेवा.”

“बरा,” मास्तर म्हणाले.

एवढंच. ना वीस म्हणाले ना पंधरा. मी मनात म्हटलं, म्हातारा सुटला. जो माणूस पहिल्याच बोलीला ‘बरा’ म्हणतो त्याच्यापासून सावध राहायचं, हे मी माझ्या मेव्हण्याला शिकवलेलं आहे. त्या दिवशी मीच विसरलो.

निघताना मी पायरीवर थांबून पक्कं करून घेतलं. “त्या शनवारी आणखी खंय काय नाय मां?”

“फळ्यार काय नाय,” मास्तर म्हणाले. मी वळून फळा पाहिला. खरंच काही नव्हतं.

काही असणार कसं? फळ्यावर एका वेळी एकच महिना असतो. माझा महोत्सव तिसऱ्या महिन्यात होता.

त्या महिन्याच्या एक तारखेला मी सकाळी सातलाच पडवीसमोर हजर झालो. माझा महोत्सव पहिल्या ओळीत, पुढे स्वच्छ अक्षरात ‘जावे’. मी बाजारात पेढे वाटले. मासळीवाल्या बायकांनाही दिले, ज्यांच्याशी मी एरवी बांगड्याच्या वाट्यावरून भांडतो. पेढे संपवून परत आलो तर मास्तर खडू घेऊन तिसरी ओळ लिहीत होते. ‘आरोंदे. तोच शनिवार. देवळाचा वर्धापन. डबलबारी, विश्राम बुवा.’ आणि शेऱ्याच्या रकान्यात, ‘जावे. जावे.’

दोनदा ‘जावे’ त्यांनी आयुष्यात कधी लिहिलेलं नव्हतं. दुपारपर्यंत तो फोटो दुबईला पोहोचला होता.

झालं होतं असं. आरोंद्याच्या त्या देवळाचा वर्धापन माघातल्या तिथीला असतो. आदल्या वर्षी तो जानेवारीअखेर होऊन गेला होता, त्यामुळे फेब्रुवारीतला शनिवार मला मोकळा वाटला. पण मध्ये अधिक महिना येऊन गेला होता आणि अधिक महिना आला की पुढच्या सगळ्या तिथी पुढे ढकलल्या जातात. आमच्याकडच्या कुठल्याही बाईने हे भाकरी थापता थापता सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मी मोबाइलवर शनिवार बघितला आणि मैदान ठरवून टाकलं. जत्रा-सप्त्यांवर पोट भरणाऱ्या माणसाने तिथी न बघता कार्यक्रम ठरवला, याच्यावर बाजार अजून हसतो. हसू दे. पण मास्तरांना पंचांग पाठ होतं. त्यांनी मला पायरीवरून सुखरूप उतरू दिलं. गायिकेला आगाऊ पैसे गेले होते, तारीख हलवता येत नव्हती, म्हणून मी कार्यक्रम रेटला आणि मास्तरांशी बोलणं टाकलं.

महोत्सवाच्या संध्याकाळी निवेदक ‘अलोट गर्दी’ असं म्हणत होता, कारण ते त्याला आधी लिहून दिलेलं होतं. पाचशे खुर्च्यांवर साठेक माणसं होती, त्यांतली वीस माझी. गायिकेने मला बाजूला घेऊन विचारलं, “इथे लोक उशिरा येतात का?” मी हो म्हटलं. विश्राम बुवांची दहा मिनिटं अर्थात रिकामी गेली. त्या जागी मी माझ्या भाचीचा गणेशस्तवनावरचा नाच घातला.

प्रमुख पाहुणे आले, गाडीतून उतरले, मैदानाकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला विचारलं, “सगळे खंय गेले?”

“आरोंद्याक, सायबानू.”

पाहुण्यांनी दीप लावला, मला महोत्सवाच्या शुभेच्छा दिल्या, पुढे एक अत्यंत महत्त्वाची बैठक आहे म्हणाले आणि गाडीत बसले. गाडी आरोंद्याच्या रस्त्याला लागलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मीही स्कूटर काढली. गाणं ऐकायला नव्हे, मास्तरांना धरायला. लाऊडस्पीकरला दहाची मर्यादा असल्यामुळे हल्ली डबलबारी दिवेलागणीलाच सुरू होते, तेव्हा मी पोचलो तोवर ती ऐन रंगात होती. देवळाच्या दगडी गडग्यावर माणसं, झाडांच्या बुंध्यांना टेकून माणसं, एका टेम्पोच्या टपावर माणसं. टेम्पो माझा होता. मेव्हण्याने जुना साऊंड संच ‘कुठल्याशा देवळाला’ दिलाय हे मला त्या सकाळी कळलं होतं, कुठल्या ते तिथे कळलं.

मास्तर भजीच्या गाडीजवळ क्रेटवर बसले होते, स्टेजकडे पाठ करून.

“मास्तर, तुम्ही माका फसवलात.”

“हळू बोल. बारी चालू आसा.”

“तिथी तुमका ठावक होती.”

“होती.”

“मगे सांगूक नाय कित्याक?”

“फळ्यार काय आसा ता तू इचारलंस. ता मी सांगलंय. तिथी तू इचारूक नाय.”

 गिऱ्हाइकाने विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, हा माझा नियम आहे. खुर्च्या मजबूत आहेत का विचारलं तर हो म्हणायचं, किती मोडक्या आहेत हे त्याने वेगळं विचारावं. माझा नियम माझ्यावर चालवायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

“तुझ्याकडे दहा मिनटां होती,” मास्तर म्हणाले. “हंय दोन तास होयत इले.”

“माझा तेल बघा,” भजीवाली मध्येच म्हणाली. “पयल्या घाण्याची भजी अजून परातीत आसत. मेल्या बुवान माका बुडवल्यान.”

“बस, सदू,” मास्तर म्हणाले आणि उशी माझ्याकडे सरकवली.

मी बसलो, पाय दुखत होते म्हणून. समोरच्या तरुण बुवाने कोडं घातलं होतं आणि आता विश्राम बुवांनी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी हात वर करून पखवाज थांबवला, झांजा थांबवल्या आणि एकच ओळ नुसत्या पेटीवर, अगदी हळू म्हणायला घेतली. मी लगेच कान टवकारले, कारण त्या संचाचा डावा बॉक्स फाटलेला आहे. हळू आवाजात तो खरखरतो. त्यासाठीच तो संच मी देवळांना देतो, तिथे हळू कोणी गात नाही. मी खरखरीची वाट बघत होतो. ओळ संपली, परत आली, वळली, खाली उतरली. खरखर झाली असणारच, बॉक्स तर तोच होता. मला ती ऐकू आली नाही. समोरच्या तरुण बुवाचं काम पुढचा टोमणा मारायचं. तो मांडीवर हात ठेवून बसून राहिला. त्याच्या मागच्या पोरांनी त्याला ढोसलं तेव्हा कुठे तो गायला लागला.

“तीस वर्षां तू गाण्याच्या बाजूक बसतंस,” मास्तर म्हणाले. “कधी ऐकलंस?”

मला राग आला. मी उठून बॉक्स बघायला गेलो.

त्या पावसाळ्याच्या आधीच विश्राम बुवा वारले. त्यांची चांगली ध्वनिफीत कोणाकडेच नाही. लोकांच्या मोबाइलमध्ये आहे ती बहुतेक पुढच्या माणसाची टाळू आणि कोणाचा तरी खोकला. माझ्या मैदानावर त्या संध्याकाळी तीन नवेकोरे माइक उभे होते, या तीन तालुक्यांत तसे माइक दुसऱ्या कोणाकडे नाहीत. अर्धा तास दिला असता तर मास्तरांनी तिथीही सांगितली असती आणि तो अर्धा तास आज माझ्याकडे असता. हे मला मास्तरांनी तेव्हा समजावून सांगायला नको होतं? ‘सदू, हा माणूस कोण आहे तुला कळत नाही’, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? ते नुसते ‘बरा’ म्हणाले.

गेल्या वर्षी चतुर्थीनंतर मास्तरांची मुलगी त्यांना कोल्हापूरला घेऊन गेली. गुडघे गेले होते, फळ्याखाली उभं राहवत नव्हतं. मला सकाळी कळलं आणि मी तसाच वेंगुर्ला डेपोत गेलो. गाडीत खिडकीशी बसले होते, मांडीवर पिशवी.

“मास्तर, एक इचारूचा आसा.”

“कसली तारीख?”

“तारीख नाय. चौथीतला.”

मी त्यांचाच विद्यार्थी, हे अजून सांगितलेलं नाही, कारण बाजारात ते कोणाला फारसं माहीत नाही. चौथीला मास्तर आम्हाला होते. शनिवारी शेवटचा गाण्याचा तास असे, मास्तर स्वतः पेटी वाजवत. पहिल्या शनिवारी मी वर्गाबरोबर गायला लागलो आणि त्यांनी पेटी थांबवली. माझा आवाज मोठा होता, सगळ्यांच्या वर जात होता. म्हणाले, “सदू, तू जा, हंडो भरून ये.” त्यानंतर वर्षभर दर शनिवारी मी विहिरीवर होतो. बाकीची पोरं आत गाणं शिकली, मी रहाटाचा करकराट ऐकला.

मी हे खिडकीतून त्यांना सांगितलं. भडकून सांगितलं, आजूबाजूचे बघायला लागले.  तेवढ्यात कंडक्टरने दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. मास्तर काचेशी वाकून काहीतरी बोलले, चांगली दोन-तीन वाक्यं. त्या आवाजात मला एक अक्षर कळलं नाही. गाडी वळली तेव्हा त्यांचा हात खिडकीबाहेर होता, आणि मुलगी तो आत घ्यायला सांगत होती.

मास्तर, कोल्हापुरात टपाल आहे, तुमच्या मुलीकडे फोन आहे. तुमचं अक्षर अजून वळणदार आहे असं ती सांगते. मी गाणं ऐकत नाही, हे तुम्ही आरोंद्याला शंभर माणसांच्या देखत मला ऐकवलंत. मान्य करतो. पण मला गाण्याच्या वर्गातून उठवून विहिरीवर कोणी पाठवलं होतं? गाडी सुटताना काय म्हणालात ते लिहून पाठवा. मला त्याचं उत्तर पाहिजे.